सापडलेले नाणे घासण्याआधी

मार्च २०२५ मध्ये, ‘छावा’ चित्रपट आल्यानंतर, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरातील शेतांत लोक रात्री टॉर्च, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन खोदताना दिसले. आपल्याकडे पैठणला तेवढा खटाटोप लागत नाही. गोदाकाठच्या पांढरीच्या टेकाडांवरून जोराचा पाऊस वाहून गेला की जुनी नाणी आपोआप उघडी पडतात.

नाणे घरी आले की त्याची रवानगी थेट मोरीत. चिंच, लिंबू, राख, नाहीतर भांड्यांची पावडर. दहा मिनिटांत लखलखाट. नुकसान होते ते याच दहा मिनिटांत.

चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतील वा मातीतील गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन तो बनतो. शेकडो वर्षे जमिनीत राहिलेल्या नाण्यावर क्षारांमुळे सिल्व्हर क्लोराइडचा राखाडी-जांभळट थरही चढतो. हिरवे दिसते ते चांदीत मिसळलेल्या तांब्याचे. म्हणजे ही वरून चिकटलेली घाण नव्हे. नाण्याचाच काही भाग त्या थरात गेलेला असतो. लिंबाच्या आम्लाने तांब्याची संयुगे विरघळतात, काळा थर मात्र हटत नाही. मग माणूस जोर लावून घासतो आणि थराबरोबर अक्षरेही जातात. अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय पैंजणांना ठीक आहे. जमिनीत ठिसूळ झालेल्या नाण्याला नाही.

अक्षरे गेली तर काय बिघडते? १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नहपानाच्या चेहऱ्यावर उमटलेला तो दुसरा छाप हा सातवाहनांच्या विजयाचा मोठा पुरावा ठरला. ही नाणी जेमतेम २ ग्रॅमची. राखेने रगडली असती तर खालचा चेहरा आणि वरचा छाप, दोन्ही गेले असते. आपल्या शहराच्या टांकसाळीचे अनेक मोगल रुपये ओळखायचे तेही ‘खुजिस्ता बुनियाद’ या नावावरून.

आता आरोग्याचे. पैठणला सापडणारे प्रत्येक काळपट नाणे चांदीचे नसते. सातवाहनांची बहुतेक नाणी शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत. शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी धरते, ती विषारी असते. व्हिनेगरसारख्या आम्लात शिसे विरघळते आणि तेच पाणी स्वयंपाकघरातल्या वाटीत राहते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा फार थोडा अंशही बाधतो. घरात मुले असतील तर असे नाणे त्यांच्या हाती लागू देऊ नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

तेजाबाचे, म्हणजे नायट्रिक आम्लाचे, प्रयोग तर करूच नयेत. चांदी त्यात विरघळते. वर उठणारा तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. हा वायू छातीत गेल्यावर आधी नुसता खोकला येतो. काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडू शकतो. धूर छातीत गेला असेल तर बरे वाटत असले तरी दवाखाना गाठावा.

घरी करण्यासारखे फार थोडे आहे. तडा नसलेले चांदीचे नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे, न चोळता सुती कापडावर सुकवावे. रबरबँड लावू नये. त्यातल्या गंधकाने चांदी आणखी काळी पडते. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली करणाऱ्या तज्ज्ञांचे.

आणि कायदा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीतले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आकडा अजून तोच, त्यामुळे चांदीचे एक नाणेही त्यात येते. न कळवल्यास आपला वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवताना जागा, खोली आणि सोबत काय सापडले हे लिहून द्यावे, जमल्यास मातीसकट फोटो काढावा. जोगळटेंभीची नाणी एकत्र सापडली म्हणूनच ती मोजता आली आणि किती नाण्यांवर दुसरा छाप आहे हे कळले.