गोधडीचा भार टेबलावर, खांद्यावर नको

बीड जिल्ह्यात ऊसतोडीहून परतलेल्या आयाबाया उन्हाळ्यात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला घेतात. हंगामभर मोळ्या वाहून मान-पाठ आधीच धरलेली असते. त्यात मशीन टेबलावर उंच ठेवलेली असली, की जाड गोधडी सारखी खाली घसरते. ती हातांनी ओढून धरावी लागते आणि खांदे भरून येतात.

उपाय सुताराच्या हातचा आहे. मशीनचा तळ आत बसेल एवढी खाच टेबलाच्या फळीत पाडून घ्या. खाली आधाराची फळी पक्की ठोका. मशीनची शिवायची बाजू आणि टेबल एका पातळीत यावेत. वरून हात फिरवला तर कड लागू नये. चाक फिरायला, बॉबीन काढायला जागा ठेवा. मोटार असेल तर तिला हवा लागू द्या.

टेबल कापायचे नसेल, तर मशीनच्या डावीकडे व मागे तेवढ्याच उंचीच्या फळ्या पक्क्या बसवा. पायमशीन मुळातच टेबलात बसवलेली असते. तिच्या डावीकडे त्याच उंचीचा बाक लावला तरी गोधडी त्यावर पसरते.

शिवताना कोपर काटकोनात, खांदे सैल आणि पाय टेकलेले असावेत. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा जात नसेल, तर नुसता बाम चोळत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पुढच्या हंगामात याच हातांनी कोयता धरायचा असतो.