वूफर ठेवायचा कुठे?

भीमजयंती जवळ आली की आपल्या वस्तीत घराला रंग लागतो, मुलांना नवे कपडे येतात, आणि अलीकडे अनेक घरांत हप्त्याने घेतलेला म्युझिक सेटही येतो. एक मोठा वूफर, सोबत दोन किंवा चार लहान स्पीकर. पहिल्या दिवशी सगळे खूश असतात. आठवडाभराने घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज लई आहे, पण गाण्यात काय म्हणतात तेच समजत नाही."

ही तक्रार आम्हाला मोलाची वाटते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव गात फिरले ते ढोलकी ऐकवण्यासाठी नव्हे. ज्या मायबापांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातल्या शब्दांनी पोचला. ते शब्दच घुमण्यात बुडाले तर सेट घेऊन काय मिळवले?

दुकानदाराला विचारावे तर तो आणखी मोठा वूफर दाखवतो. आमचे म्हणणे असे की, एक पैसाही खर्च करण्याआधी घरातला आहे तो वूफर जागेवरून हलवून पाहावा.

यामागचा हिशेब सोपा आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. खोली १२ फूट लांब असेल तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास २४ फूट होतात. ११३० ला २४ ने भागले की ४७ येतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा खर्जाचा स्वर त्या खोलीत अडकतो आणि घुमत राहतो. पण सगळीकडे सारखा नाही. दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ तो जोरात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा. आता आपण सतरंजी टाकून बसतो कुठे? मधोमध! तिथे बेस लागत नाही म्हणून घरधनी बटण आणखी फिरवतो. त्याला फरक थोडाच पडतो, पण भिंतीपलीकडे अभ्यासाला बसलेल्या शेजारच्या मुलीच्या पाठीत धडधड सुरू होते. वाजवणाऱ्याला कमी आणि शेजाऱ्याला जास्त, असा हा उफराटा व्यवहार आहे.

कोपऱ्यात ठेवलेला वूफर सर्वांत मोठा वाजतो, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून त्याचा आवाज वाढवतात. पण खोलीतले अडकणारे सगळे स्वर तिथूनच जागे होतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० कंपनांच्या आसपास असतो आणि लहान सेटमधले वूफर तिथपर्यंत वाजतात. म्हणून भन्तेजींच्या आवाजातले त्रिशरण-पंचशीलसुद्धा पिंपात तोंड घालून म्हटल्यासारखे ऐकू येते.

योग्य जागा शोधण्याची एक युक्ती आहे. मुले हसतील, हसू द्यावे. वूफर उचलून आपण जिथे बसतो तिथे ठेवावा. तोंडपाठ असलेले, ढोलकीचे ठोके मोजता येतील असे गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेकडेने चक्क रांगत जावे. कान जमिनीपासून हातभर उंच असावा. कुठे नुसते घुमेल, कुठे काहीच लागणार नाही. जिथे प्रत्येक ठोका सुटा आणि सारखा ऐकू येईल, तिथे वूफर आणून ठेवावा. जिथून ऐकायचे आणि जिथून वाजवायचे, त्या जागा खर्जाच्या आवाजाला अदलाबदल करता येतात, म्हणून ही युक्ती चालते. बसायची जागाही हातभर मागेपुढे करून पाहावी. तेवढ्यानेही पुष्कळ बदलते.

आपल्या घरांत कपाट, पलंग आणि पिंप यांतून उरेल तीच जागा, हे आम्ही जाणतो. तरी शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत टाळावी. पत्र्याची भिंत असेल तर बेस सरळ बाहेर जातो आणि पत्राही थरथरतो. पोटमाळ्याच्या फळ्यांवर वूफर ठेवू नये, फळ्याच ढोल होतात. खाली जाड रबराचे तुकडे घालावेत. डब्याला भोक असेल तर त्यासमोर तांदळाची गोणी नको. भांड्यांची मांडणी खणखणू लागली तर दोष सेटचा नाही, ताटांमध्ये फडके घालावे.

लहान स्पीकर कपाटावर चढवू नयेत. शब्द त्यांतूनच येतात, तेव्हा बसल्यावर कानाच्या उंचीला असावेत. मग बेसचे बटण शून्यावर आणून हळूहळू वाढवावे. ढोलकी भरल्यासारखी वाटली की हात काढावा. पाहिजे तर आजीला समोर बसवून गाण्याची ओळ म्हणून दाखवायला सांगावे. तिला ओळ सांगता आली तर जागा बरोबर लागली.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल आम्हाला बरेच बोलायचे आहे, पण ते पुढे कधीतरी. घरातल्या वूफरचे मात्र रात्री दहानंतर बटण खाली आणावे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत त्याची वायरच काढून ठेवावी. लहान स्पीकरवर वंदना स्वच्छ ऐकू येते.