डॉक्टरांनी आपलं ज्ञान वाटून टाकलं, त्या जामखेडची गोष्ट

नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिवच्या शिवेला लागून जामखेड तालुका आहे. अहिल्यादेवींचं चौंडी याच तालुक्यातलं, खर्ड्याचा किल्लाही इथलाच. इतिहास मोठा आणि पाऊस तोकडा. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य इथे आलं आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी माणसांवर उपचार सुरू केले.

रजनीकांत राहुरीकडचे, शिक्षक आईवडिलांच्या घरात वाढलेले. मेबल जबलपूरच्या, त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. 1960 मध्ये लग्न झालं, ते खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य वेचायचं असं ठरवूनच. पुढची काही वर्षं वडाळा इथल्या मिशन हॉस्पिटलात गेली. जुलाबाने सुकलेलं मूल बरं होऊन घरी जायचं आणि थोड्या दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत यायचं. गढूळ पाणी, अर्धपोटी राहणं, लहान वयातलं बाळंतपण यांवर हॉस्पिटलच्या खाटेवर इलाज होत नव्हता. मग दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि तिथे न रमता ते परतले.

जामखेडला आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावोगावी पाठवून पाहिल्या. परक्या गावात एकट्या बाईने राहायचं कसं? शिवाय गावातल्या बायकाही त्यांच्याशी मोकळं बोलत नसत. तेव्हा, गावातल्याच एखाद्या बाईला का शिकवू नये, असा विचार पुढे आला. मला तर आरोळ्यांच्या संस्थेचा खरा जन्म इथेच झालेला दिसतो. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कुणी दलित, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी विधवा. चारचौघांत जिला स्वतःचं नाव सांगायचा धीर होत नव्हता, तिच्या हाती गावाचं आरोग्य सोपवलं गेलं, ती गावाची आरोग्यसेविका झाली.

ती काय शिकली, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पोराला हगवण लागली की पाणी तोडायचं, ही घरोघरची जुनी समजूत. आरोग्यसेविका चुलीपाशी बसते आणि उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मागते. त्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ढवळते. आधी स्वतः चाखून बघते. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून देऊन नव्याने करते. मग वाटी-चमचा आईच्याच हातात देते आणि एकेक घोट पाजायला लावते. पुढच्या वेळी त्या आईला कुणाला बोलवायची गरज पडत नाही. बाळंतपणालाही तसंच: साबणाने धुतलेले हात, स्वच्छ कापड, नाळ बांधायला उकळलेला दोरा, कापायला कोरं पातं. एवढ्याने धनुर्वाताची वाट अडते.

विद्या आपल्यापाशी राखून ठेवण्यात मान आहे असं मानणाऱ्या समाजात डॉक्टरांनी आपली विद्या अशी वाटून टाकावी, ही साधी गोष्ट नव्हती. आजाऱ्याची कीव करणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या शेजारणीला डॉक्टरीण करायची म्हणजे आपला मोठेपणा सोडावा लागतो. आरोळ्यांनी तो सोडला. प्रशिक्षणाला येणाऱ्या बायका वेगवेगळ्या जातींच्या होत्या आणि त्यांना एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं होतं. सुरुवातीला ते जड गेलं. 1972 च्या दुष्काळात तालुका होरपळला, तेव्हा संस्थेने पोरांच्या तोंडी घास आणि गावाला पाणी या दोन गोष्टी हाती घेतल्या. कूपनलिका घेताना जागा दलित वस्तीत धरली जाईल, हे त्यांनी कटाक्षाने पाहिलं. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिकडे जायचं. भाषणं देऊन जे झालं नसतं, ते हंडा भरायच्या निमित्ताने होऊ लागलं.

आरोळे पतिपत्नींनी आपली ख्रिस्ती श्रद्धा कधी लपवली नाही. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनचं काम 1831 पासूनचं. शाळा, दवाखाने आणि धर्मप्रसार तिथे हातात हात घालून चालले. जामखेडला मात्र उपचाराच्या बदल्यात कुणी प्रवचन ऐकायचं नव्हतं, की धर्म बदलायचा नव्हता. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोनीची जी गोष्ट येशूने सांगितली, ती त्यांनी वागून दाखवली. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढायची रीत असताना त्यांनी त्याच्यावर त्याच्याच गावात, त्याच्याच घरात उपचार केले. आरोग्यसेविका त्याच्या ओट्यावर बसून बोलू लागली, तशी शेजाऱ्यांची भीतीही ओसरली. पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट बनवायची कार्यशाळा निघाली. तो पाय लावून मांडी घालता येते, शेतातल्या चिखलात उतरता येतं. शेतकऱ्याला पाय हवा असतो तो त्यासाठीच.

1979 मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 मध्ये रजनीकांत यांना पद्मभूषण. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला या सेविकाही उभ्या राहू लागल्या. 1999 मध्ये मेबल गेल्या, 2011 मध्ये रजनीकांत. त्यांच्या मुलांनी काम पुढे चालवलं आहे.

2005 पासून देशभर ‘आशा’ स्वयंसेविका नेमल्या जाऊ लागल्या. गावातलीच बाई निवडायची, तिला शिकवायचं, ही जामखेडची वाट देशाने धरली, पण तिला मान द्यायचा हा अर्धा भाग मागे राहिला. सरकारदरबारी आशाताई आजही कर्मचारी नाहीत, स्वयंसेविकाच आहेत, आणि मोबदल्यासाठी त्यांना वारंवार संपावर जावं लागतं. तुमच्या दारी ती नोंदवही घेऊन येईल, तेव्हा तिला आत बोलवा, बसायला खुर्ची द्या, आणि तिची मागणी तुमच्या आमदाराच्या कानावर घाला.