खेळणारा झिको, शिकवणारा झिको

मागच्या वेळी आपण गिल्बर्ट राइलपाशी थांबलो होतो. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं, हे त्याने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये मांडलं. आज एक पाऊल पुढे जाऊ. ज्याला करता येतं, त्याला शिकवता येतंच का?

यासाठी उदाहरण घेतो फुटबॉलचं. वैनगंगेकाठी कबड्डी सोडून हे कुठलं काढलं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या पोराचा जिल्ह्यात नंबर आला त्यालाच आपण ‘आता तू बाकीच्यांना शिकव’ म्हणतो ना? मग हे उदाहरण आपलंच आहे.

झिको, म्हणजे आर्थर आंतुनेस कोइंब्रा, १९५३ साली रिओ द जानेरोत जन्मला. ब्राझीलसाठी ७१ सामन्यांत ४८ गोल. १९८१ मध्ये त्याच्या फ्लामेंगो क्लबने टोकियोत लिव्हरपूलला ३-० हरवलं. त्यात त्याचा स्वतःचा गोल एकही नाही, पण तिन्ही गोलांच्या मुळाशी तोच होता. विश्वचषक मात्र तीनदा खेळूनही हाती आला नाही. १९८६ मध्ये फ्रान्सविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि लगेच मिळालेली पेनल्टी गोलरक्षकाने अडवली.

१९९१ साली, अडतिसाव्या वर्षी, तो जपानमधल्या काशिमा नावाच्या लहानशा औद्योगिक गावात गेला. तिथे कंपनीचा संघ होता, तोही दुसऱ्या श्रेणीतला. व्यावसायिक लीग सुरू झाली १९९३ मध्ये आणि पहिल्याच सामन्यात या चाळिशीच्या माणसाने तीन गोल केले. पण आम्हाला त्या गोलांपेक्षा मोलाचं वाटतं ते त्याने तिथे लावलेलं वळण. समर्पण, सचोटी, आदर हे तीन शब्द तो क्लब आजही त्याच्या नावाने सांगतो. जपानच्या लीगमध्ये सर्वाधिक विजेतेपदं याच काशिमाची आहेत, आणि गावात झिकोचा पुतळा आहे.

पुढे २००२ मध्ये तो जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. आधीचे फ्रेंच प्रशिक्षक त्रूसिए फार कडक. झिकोने खेळाडूंना मोकळं सोडलं, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. २००४ चा आशिया चषक जिंकला. २००६ च्या विश्वचषकात मात्र ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८४व्या मिनिटापर्यंत १-० पुढे असलेला संघ ३-१ हरला. ज्याला मैदानात आपोआप सुचतं, त्याला वाटतं सगळ्यांनाच सुचत असणार. वर्गात पहिला येणाऱ्याच्या शिकवण्यात आम्ही हेच पाहिलं आहे : तो मधली पायरी सांगतच नाही, कारण त्याला ती कधी लागलेलीच नसते. अर्थात, एका सामन्यावरून निकाल देऊ नये. तुर्कस्तानच्या फेनरबाचेला त्याने २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं होतं.

आणि मग हा माणूस आपल्या शेजारी, गोव्यात आला. २०१४ ते २०१६ तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी. दुसऱ्या वर्षी मुंबईवर ७-० असा विजय, आणि फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यात ८७व्या मिनिटाला २-१ अशी आघाडी. चेन्नईयनने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल मारून तो सामना ३-२ नेला. तिसऱ्या वर्षी गोवा तळाला.

मग हा शिक्षक पास की नापास? कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’मध्ये हाच पेच टाकला आहे. दोन नाट्याचार्य भांडतात, श्रेष्ठ कोण? तिथली परिव्राजिका म्हणते की कुणाची विद्या त्याच्यापाशीच शोभते, कुणाची दुसऱ्याला देण्यात, आणि दोन्ही असेल तो अग्रभागी. परीक्षा कशी घेतात पाहा. आचार्यांना नाचायला लावत नाहीत, शिष्येला, मालविकेला लावतात. (ती आपल्या विदर्भाची बरं का.)

तर गोव्याचा गुणतक्ता बाजूला ठेवून पोरांकडे बघा. रोमिओ फर्नांडिस झिकोच्या हाताखाली एक मोसम खेळला आणि २०१५ मध्ये ब्राझीलच्या आत्लेतिको परानाएन्से क्लबकडे खेळायला गेला. मंदार राव देसाई त्याच संघात टिकला, आणि पुढे त्याच संघाचा कर्णधार झाला.