सायकलचा हेडसेट : आधी माप, मग खरेदी

आम्ही कापडवाले, पन्हा विचारल्याशिवाय ताग्याला कात्री लावत नाही. तरी मुलाच्या माउंटन सायकलसाठी 'एक इंच एक सूत' एवढेच सांगून हेडसेट आणला. तो बसेना, पैसे अडकले. ते माप फोर्कच्या दांडीचे, म्हणजे २८.६ मिलिमीटर; फ्रेमचे नव्हे.

जुने कप काढून फ्रेमच्या पुढच्या नळीचे तोंड व्हर्नियरने आतून मोजावे. ३४ भरले तर कप बाहेर राहणारा. ४४ भरले तर वरचा कप बहुधा आत बसणारा. खालचे तोंड निराळे मोजावे. दांडी खाली रुंद होत असेल तर तिथे ५६ही निघते, आणि फोर्कवरची कडी ३०ऐवजी ४०ची लागते.

बेअरिंग कपाविना थेट फ्रेममध्ये बसत असेल तर तिच्यावर कोरलेले कोनही, ३६-४५ की ४५-४५, जुळवावेत. सैल कपाखाली पत्रा घालून देणारे मिस्त्री भेटतात. त्याने नळीचे तोंडच खराब होते. आम्ही दुसऱ्या खेपेस जुने कप रुमालात बांधून नेले.