अठरा पूर्ण, आता यादीत नाव
भारतात मतदानाचे वय 1989 मध्ये 21 वरून 18 वर आले. पण मतदार नोंदणीसाठी 1 जानेवारी ही एकच अर्हता तारीख राहिली. 2 जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला त्यामुळे जवळजवळ वर्षभर ताटकळावे लागे. 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर, ऑगस्ट 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा लागू झाल्या. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो.

नव्या नोंदणीसाठी फोटो, वयाचा व रहिवासाचा पुरावा जोडून नमुना 6 भरावा लागतो; पत्ता बदलल्यास किंवा नोंदीत चूक असल्यास नमुना 8. अर्ज ऑनलाइन किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) देता येतो. ओळखपत्र असूनही यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही, म्हणून यादी वेळीच तपासावी.