जुना कोड आवरताना (११) : कुणी न घेतलेलं उत्तर

लांबलचक फंक्शनचे तुकडे कसे पाडायचे ते आज सांगणार होतो. ते आता पुढच्या आठवड्यात. औंढा नागनाथच्या एका वाचकाने माझ्या फार आवडीचा प्रश्न विचारलाय: फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू कुणीच वापरत नसेल, तर ती काढून टाकावी का?

हा प्रश्न औंढ्याहून यावा याचं मला विशेष अप्रूप. तिथून जवळच, दुधाळा परिसरात, लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, २६०० कोटींचा खर्च, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी. लायगोच्या नोंदी तपासणारी ‘लालसुइट’ ही सी भाषेतली लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, जरूर वाचा. तिच्यातली जुनी फंक्शन्स काहीच परत करत नसत. पहिलं आर्ग्युमेंट म्हणून एक स्टेटस-स्ट्रक्चर द्यायचं, बिघाड झाला की नोंद त्यात. पुढे नावाआधी ‘एक्स’ लागलेली फंक्शन्स आली, ती आकडा किंवा पॉइंटर परत करतात आणि बिघाड झाला तर तो त्यावरूनच कळतो.

असा आकडा कुणी पाहिला नाही, तर चूक कॉल करणाऱ्याची. तिथे रिटर्न काढणं म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराचं तोंड बांधणं.

सगळ्यात फसवं उदाहरण ‘एफक्लोज’चं. फाइल बंद करताना उत्तर कोण बघतं? पण लिहिलेला मजकूर आधी बफरमध्ये साठतो आणि उरलेला डिस्कवर जातो तो बंद करताना. डिस्क भरली असेल तर आधीचं प्रत्येक ‘एफप्रिंटएफ’ यशस्वी दिसू शकतं आणि बिघाड फक्त या शेवटच्या उत्तरात येऊ शकतो. ते सोडलं की फाइल अर्धवट आणि प्रोग्रॅम खूश.

म्हणून आधी फंक्शनच्या आत बघा. किती वेगळी उत्तरं ते देऊ शकतं? सगळ्या वाटा ‘रिटर्न ०’वरच संपत असतील, तर ते खुशाल काढा. कॉल करणाऱ्यांनी शून्याखेरीजच्या उत्तरासाठी लिहिलेल्या ‘इफ’च्या आतला कोड कधीच चालला नाही, ते ‘इफ’ही जाऊ द्या. मग प्रकार ‘व्हॉइड’ करा. कुठे अजून ते उत्तर वापरलं जात असेल तर कंपायलर तिथेच अडवतो.

दोन ठिकाणी मात्र हात आवरा. फंक्शन पॉइंटरमधून कॉल होत असेल, तर त्याचा साचा दुसऱ्याने ठरवलेला असतो. ‘क्यूसॉर्ट’ला दिलेल्या तुलनेच्या फंक्शनने आकडा परत करायलाच हवा. आणि लायब्ररी बाहेरचे लोक वापरत असतील, तर जुनं फंक्शन ‘डेप्रिकेटेड’ म्हणून एक-दोन आवृत्त्या राहू द्या.

वाचकाच्या पत्रातलं फंक्शन लॉग फाइल लिहितं आणि ० किंवा -१ परत करतं. ते ठेवा, आणि जीसीसीचं ‘वॉर्न अनयूज्ड रिझल्ट’ त्याच्यावर लावा. ते उत्तर कुठेकुठे सोडलंय, त्या ओळी कंपायलरच दाखवेल.